हप्ता मागून सांगा, आधी द.सा.द.शे. किती?

दिवाळीच्या तोंडावर रावपुऱ्यातल्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरलं की प्रत्येक फ्रिजवर दोन आकडे दिसतात. किंमत एका कोपऱ्यात बारीक अक्षरात, आणि हप्ता रस्त्यावरूनही वाचता येईल एवढा मोठा. किंमत विचारली तरी विक्रेता हप्त्याचंच बोलतो. "बेन, व्याज तो झीरो छे!" घरी मराठी, दुकानात गुजराती आणि कर्जाचे कागद इंग्रजीत, ही बडोद्यातल्या आपल्या घरांची जुनीच कसरत आहे. कर्जात मात्र ती महाग पडते, कारण सही नेमकी तिसऱ्या भाषेतल्या कागदावर करायची असते.

शाळेत सरळव्याजाच्या धड्यात 'द.सा.द.शे.' ही अक्षरं सगळ्यांनी गिरवली आहेत. दर साल, दर शेकडा. म्हणजे शंभर रुपये एक वर्ष वापरायला किती द्यायचे. कर्ज महाग की स्वस्त हे कळायला एवढा एकच आकडा लागतो, आणि विकणारा नेमका तोच सांगत नाही. कुणी 'दर साल' गाळून महिन्याचा दर सांगतो. कुणी शेकडा कशावर मोजला ते सांगत नाही. कुणी व्याजाला 'फी' म्हणतो, तर कुणी ते किमतीतच जिरवून टाकतो.

शून्य टक्के म्हणजे कुणाचे?

टीव्ही ४८,००० चा, हप्ते ४,००० चे १२. गुणाकार बरोबर ४८,००० येतो, मग व्याज गेलं कुठे? रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्टच सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी चीज अस्तित्वातच नसते. आज 'नो-कॉस्ट' नावाने जे चालतं त्यात बँक व्याज घेतेच. बँकेचा दर १६ टक्के असेल तर १२ महिने ४,००० रुपये भरून फिटणारं कर्ज फक्त ४४,०८६ रुपयांचं असतं. उरलेले ३,९१४ रुपये हे व्याज, आणि ते टीव्ही बनवणारी कंपनी किंवा दुकानदार सूट म्हणून आधीच सोडून देतो.

तुमच्या खिशातून काय जातं? क्रेडिट कार्डावरचा हप्ता असेल तर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०४ रुपये. शिवाय प्रोसेसिंग फी १९९ आणि तिच्यावरचा जीएसटी, मिळून २३५. एकूण ९३९ रुपये. हा जीएसटी महिन्या-महिन्याच्या बिलात विखुरलेला असल्यामुळे कुणाच्या नजरेत भरत नाही. दुसरा खर्च दिसतच नाही. दुकानदार जे ३,९१४ सोडायला तयार होता, त्यातले काही तरी रोखीने घेणाऱ्याला सुटू शकले असते. म्हणून आधी रोखीचा भाव काढावा आणि हप्त्याचा विषय मगच काढावा. क्रम उलटा झाला की घासाघीस संपते.

आणखी एक. '१२ ला ४' अशी योजना असेल तर चार हप्ते दुकानातच आगाऊ द्यावे लागतात. म्हणजे कर्ज आठच महिन्यांचं आणि ३२,००० चंच. प्रोसेसिंग फी मात्र पूर्ण लागते.

आमच्या मते नो-कॉस्ट हप्त्यात पैसे फार जात नाहीत. त्याची खोड वेगळी आहे. त्याने चौथी वस्तू घ्यायला हात धजावतो, आणि त्या चार वस्तूंचे हप्ते एकाच पगारावर येऊन बसतात. ते पुढे पाहू.

फ्लॅट दराची गंमत

जुनी गाडी, स्कूटर, कधी फर्निचर, अशा ठिकाणी "१० टक्के फ्लॅट" हा शब्द ऐकू येतो. ६०,००० रुपये, दोन वर्षं, १० टक्के. व्याज वर्षाला ६,०००, दोन वर्षांचं १२,०००. एकूण ७२,००० भागिले २४, हप्ता ३,०००. गणित सरळ दिसतं, पण ज्या मुद्दलावर व्याज लावलंय ते तुमच्याकडे राहतं कुठे? बारा हप्ते गेल्यावर निम्म्याच्या आसपास मुद्दल परत गेलेलं असतं, तरी व्याज पूर्ण ६०,००० वर चालूच. उरलेल्या बाकीवर मोजलं तर हा दर १८.१६ टक्के पडतो. एक ते तीन वर्षांच्या कर्जाला फ्लॅट दराला १.८ ने गुणलं की खरा दर जवळपास येतो, एवढं डोक्यात असलं तरी दुकानात उभ्या उभ्या पुरतं.

बँकेचा "१४ टक्के, रिड्यूसिंग", म्हणजे उरलेल्या बाकीवरच मोजलेला, हा दर तुलनेने सरळ, पण तिथे फी मध्ये येते. दोन लाखांचं पर्सनल लोन, ३६ महिने, १४ टक्के. हप्ता ६,८३६. प्रोसेसिंग फी २ टक्के, म्हणजे ४,००० अधिक जीएसटी ७२०. सोबत "घ्यावाच लागतो" म्हणून गळ्यात मारलेला ५,२८० चा विमा. खात्यात जमा झाले १,९०,०००, हप्ता मात्र दोन लाखांचाच. हातात आलेल्या पैशांवर मोजलं तर १४ चे १७.६ टक्के होतात. कर्ज मिळवण्यासाठी त्याच संस्थेकडून विमा घेणं सक्तीचं आहे, असं सांगितलं तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच आवाज मऊ होतो.

हा खरा आकडा शोधायला आता स्वतः गणित करायची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ मुदतकर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा थोडक्यातला तक्ता देणं बँका आणि वित्तकंपन्यांना बंधनकारक आहे. त्यात 'एपीआर' नावाची ओळ असते. फी, विमा, सगळं धरून येणारं द.सा.द.शे. ते हेच. जी फी या तक्त्यात नाही ती नंतर तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. आणि हा तक्ता कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचा असा नियम आहे. मराठीत मिळणं बडोद्यात अवघडच, पण गुजरातीत जरूर मागता येतो. मोबाईलच्या ॲपवरून घेतलेल्या कर्जात किमान एक दिवस असा मिळतो की मुद्दल आणि तेवढ्या काळाचं व्याज देऊन, दंड न भरता, कर्ज परत करता येतं. रात्री अकरा वाजता भावनेच्या भरात 'ॲक्सेप्ट' दाबलं असेल तर सकाळी ही सोय आठवावी. जे ॲप फोनमधल्या नंबरांची यादी किंवा फोटो बघायची परवानगी मागतं, ते तिथेच काढून टाका. नियमाने वागणाऱ्या कर्जाच्या ॲपला ती मागताच येत नाही.

कार्डाचं बिल, ओळीओळीने

क्रेडिट कार्ड वाईट नाही. बिल १५ तारखेला बनत असेल आणि भरायची शेवटची तारीख ५ असेल, तर १६ ऑक्टोबरची खरेदी ५ डिसेंबरपर्यंत, म्हणजे ५० दिवस बिनव्याजी. १४ ऑक्टोबरच्या खरेदीला मात्र ५ नोव्हेंबर, जेमतेम २२ दिवस. पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला कार्ड फुकट पडतं, आणि हे बँकेलाही माहीत असतं. तिची खरी कमाई उरलेल्यांकडून होते.

ही बिनव्याजी मुदत एका अटीवर टिकते: मागचं बिल पूर्ण भरलेलं हवं. थोडी जरी बाकी पुढे गेली की व्याज खरेदीच्या तारखेपासून, रोजच्या बाकीवर लागतं. आणि नवी खरेदी? तिला एकही दिवस बिनव्याजी मिळत नाही. खंडेराव मार्केटमधून आज आणलेली भाजी कार्डावर घेतली तर त्या भाजीवरही आजपासूनच व्याज. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर बिल पूर्ण भरलेलं असो वा नसो, व्याज पहिल्या दिवसापासून, वर काढण्याची फी वेगळी.

बिलावर दर लिहिलेला असतो '३.५ टक्के'. बाजूला बारीक 'दरमहा'. द.सा.द.शे. ४२. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ४.१३ टक्के. आता 'मिनिमम ड्यू' ही ओळ पाहा, जी पूर्ण बाकीच्या शेजारी ठळक छापलेली असते. बाकी एक लाख आणि किमान रक्कम पाच टक्के धरू. तुम्ही ५,००० भरले. त्यातले ४,१३० व्याजात आणि करात गेले. कर्ज उतरलं ८७० रुपयांनी. नवी खरेदी एका रुपयाचीही केली नाही आणि वर्षभर असंच 'मिनिमम' भरत राहिलात, तर वर्षाअखेर साधारण ५७,००० रुपये भरून झालेले असतील आणि कर्ज अजून ९०,०००.

किमान रक्कम बाकीबरोबर घटत जाते, म्हणून हे रहाटगाडगं संपत नाही. तीच बाकी दरमहा ठरवून ५,००० ने फेडली तर ४४ महिने लागतात आणि एकूण दोन लाख सोळा हजारांच्या आसपास जातात. १०,००० ने फेडली तर १४ व्या महिन्यात संपते. तेच एक लाख १४ टक्क्यांच्या पर्सनल लोनवर दोन वर्षांसाठी वळवले तर हप्ता ४,८०१ आणि एकूण १,१५,२०० च्या घरात. म्हणजे दरमहा जवळपास तेवढेच पाच हजार भरून एका वाटेने ४४ महिने आणि दुसरीने २४. फरक एक लाखाचा, फक्त दराचा.

या दरावर वरून झाकण नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाचं व्याज ३० टक्क्यांच्या वर नको असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला. आपल्या जुन्या हिंदू कायद्यात दामदुपट होती: एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलाहून जास्त असता कामा नये. कार्डाला असला लगाम शोधू नका.

व्याजे घेतलेले पैसे

जिथे बँक दारात उभी करत नाही तिथे माणूस व्याजाने पैसे देणाऱ्याकडे जातो. इथली बोली ऐकून घ्या. "तीन टक्के" म्हणजे महिन्याला. साल गृहीतच धरलेलं नसतं. द.सा.द.शे. ३६. "दहा टक्के" म्हणजे १२०. हातगाडीवाले आणि छोटे दुकानदार घेतात ती डायरीची पद्धत वेगळी: १०,००० लिहायचे, १,००० कापून ९,००० हातात द्यायचे, आणि १०० दिवस रोज १०० रुपये गोळा करायचे. "हजार रुपये तर घेतले, त्यात काय?" असं वाटतं. पण रोज मुद्दल परत जात असल्यामुळे सरासरी साडेचार हजारच वापरायला मिळालेले असतात, तेही जेमतेम सव्वातीन महिने. हिशेब द.सा.द.शे. ७७ च्या वर जातो.

गुजरातमध्ये यासाठी २०११ चा सावकारी कायदा आहे. सावकाराची नोंदणी लागते, आणि दराची कमाल मर्यादा तारण असेल तर वर्षाला १२ टक्के, नसेल तर १५. कोरे चेक आणि कोऱ्या स्टँपपेपरवर सह्या घेणारा, घराचे कागद ठेवून घेणारा माणूस या चौकटीत सहसा बसत नाही. जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या पोलिसांनी अशा व्याजखोरांविरुद्ध मोहीम काढली होती आणि ठिकठिकाणी लोकदरबार भरवले होते. तक्रार करायची तर किती घेतले, किती दिले, कधी दिले याची वही, यूपीआयच्या नोंदी आणि दिलेल्या चेकचे नंबर सोबत हवेत. पैसे रोख देत असाल तर आजपासून ते बंद करा आणि खात्यातून द्या. पुरावा आपोआप तयार होतो.

पगार एक, हप्ते पाच

मांजलपूरला फ्लॅट, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत नोकरी, हातात ५२,००० पडतात असं घर डोळ्यांसमोर आणू. घराचा हप्ता १८,५००. बाईक ३,४००. फोन २,४००. फ्रिज २,१००. बहिणीच्या लग्नात काढलेलं पर्सनल लोन ६,८३६. प्रत्येक हप्ता घेताना "एवढं तर जमेल" हे खरंच होतं. बेरीज ३३,२३६, पगाराच्या ६४ टक्के. बँका साधारण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत सगळे हप्ते मिळून चालवून घेतात. इथे ती रेघ केव्हाच ओलांडली, कारण फोन आणि फ्रिजचे हप्ते देताना दुकानातल्या कुणी बेरीज केलीच नाही.

उरले १८,७६४. अंथरूण पाहून पाय पसरावे हे सगळ्यांना पाठ आहे, पण अंथरुणाची लांबी दर महिन्याला सारखी नसते. विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं. शाळेची फी तिमाही. घराचा वेरा, म्हणजे घरपट्टी, वर्षातून एकदा. गाडीचा विमा, गणपती, नवरात्रीचे पास, उत्तरायणाला येणारे पाहुणे. ज्या महिन्यात यातलं काहीच नाही तो महिना हलका जातो आणि वाटतं, सगळं नीट चाललंय. जड महिना आला की तूट कार्डावर जाते. पुढच्या महिन्यात ती पूर्ण भरता येत नाही, 'मिनिमम' भरलं जातं, आणि वर पाहिलेलं चक्र सुरू होतं. बहुतेक घरं उधळपट्टीने बुडत नाहीत, ती अशी वर्षाकाठच्या खर्चांना विसरून बुडतात. उपाय कंटाळवाणा आहे: वर्षाचे सगळे एकरकमी खर्च लिहून बेरजेला १२ ने भागा आणि तेवढी रक्कम पगाराच्याच दिवशी दुसऱ्या खात्यात हलवा. ती पगारातून वजा करून जे उरतं तोच तुमचा खरा पगार.

तारखांचा घोळही पाहून ठेवा. हप्ता ५ तारखेला आणि पगार ७ ला असेल तर दर दोन-चार महिन्यांनी हप्ता परत जातो. परत गेला की कर्ज देणारा दंड लावतो आणि तुमची बँकही लावते, दोन्ही मिळून हजाराच्या आसपास. काही वेळा तो पुन्हा टाकला जातो आणि पुन्हा दंड. हप्त्याची तारीख बदलून द्या असा साधा अर्ज बरेचदा मान्य होतो. हे नुसतं दंडापुरतं नाही. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैशांअभावी परत जाणं हा २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली, चेक परत जाण्यासारखाच, गुन्हा ठरू शकतो. शिवाय जानेवारी २०२५ पासून कर्जाची माहिती किमान दर पंधरवड्याला सिबिलसारख्या, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडे जाते, त्यामुळे एक चुकलेला हप्ता लगेच नोंदला जातो.

जामीन राहण्याविषयी एकच सांगतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या" असं म्हणायची सोय नाही.

बाहेर कसं यायचं

एक कागद घ्या. प्रत्येक कर्जापुढे बाकी, द.सा.द.शे., हप्ता, संपायची तारीख आणि तारण काय आहे ते लिहा. घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसाला हा कागद दाखवा. लपवलेलं कार्ड हे बहुतेक घरांत या कागदावरचं सगळ्यात महाग कर्ज निघतं. मग कार्ड वापरणं थांबवा, आणि खरेदीच्या ॲपांत साठवलेला त्याचा नंबर काढून टाका. बंद करू नका, फक्त थांबवा. बाकी फिटल्यावर बंद करायचं असेल तर अर्जानंतर सात कामाच्या दिवसांत बँकेने ते बंद केलं पाहिजे, नाहीतर दर दिवसाला ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे असतात.

सगळ्या कर्जांचे ठरलेले हप्ते आणि किमान रकमा भरा, आणि वरचा प्रत्येक रुपया सगळ्यात जास्त दराच्या कर्जावर घाला. सहसा ते कार्डच असतं. घराचं कर्ज, त्यातही बदलता दर असलेलं, सगळ्यात शेवटी. 'आधी घर मोकळं करू' ही भावना समजते, पण ८-९ टक्क्यांचं कर्ज आधी फेडून ४२ टक्क्यांचं मागे ठेवणं म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. एक अपवाद: तारणाचा लिलाव जवळ आला असेल तर ते आधी.

महाग कर्ज स्वस्तात वळवायच्या वाटा बडोद्यात बऱ्याच आहेत. मुदतठेवीवर कर्ज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दराने मिळतं. एलआयसीच्या पॉलिसीवर मिळतं. कारखान्यांच्या पगारदार मंडळ्यांकडून मिळतं, आणि या वाटेचा तर उगमच इथला आहे: १८८९ मध्ये भाऊसाहेब कवठेकरांनी बडोद्यात काढलेली 'अन्योन्य सहकारी मंडळी' ही देशातली पहिली ज्ञात पतसंस्था मानली जाते, बँक ऑफ बडोदा निघण्याच्या १९ वर्षं आधीची. मध्यमवर्गीयांनी एकमेकांच्या बचतीतून एकमेकांची नड भागवायची, एवढीच तिची कल्पना.

आणि सोनं. आपल्याकडे सोनं गहाण टाकणं म्हणजे घराची अब्रू गेली असं वाटतं, आणि त्याच घरात कार्डावर ४२ टक्के चालू असतात. बँकेच्या सोनेतारण कर्जाचा दर बरेचदा १० च्या आसपास असतो. वित्तकंपन्यांत तो दुपटीहून जास्तही जातो, म्हणून इथेही एपीआरच बघा. मिळू शकते तेवढी पूर्ण रक्कम उचलू नका, सोन्याचा भाव उतरला तर जादा भरणा मागतात. 'वर्षाने एकदम भरा' या प्रकारात लोक फसतात, कारण वर्षभर काहीच भरलं नसतं आणि शेवटी मुद्दल-व्याज एकत्र उभं राहतं. दरमहा व्याज भरायचा पर्याय घ्या. कर्ज फिटल्यावर दागिने सात कामाच्या दिवसांत परत मिळायला हवेत.

हप्ता भरता येणार नाही हे दिसतंय? चुकायच्या आधीच शाखेत जा. ९० दिवस थकलं की खातं 'एनपीए', म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि मग तुमच्याशी वसुली विभाग बोलतो, ज्याच्या हातात मुदत वाढवून देणं फारसं नसतं. अर्ज लेखी द्या, उत्पन्न का घटलं त्याचा कागद जोडा, आणि किती भरू शकता तो आकडा स्वतः लिहा. वसुलीवाल्याला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, शेजाऱ्यांना किंवा ऑफिसात सांगून अब्रू काढता येत नाही. तसं केलं तर फोनची वेळ आणि नंबर टिपून आधी त्या बँकेकडेच लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, विनामूल्य तक्रार करता येते. चौकशीचा नंबर १४४४८.

"६० टक्के भरा आणि मोकळे व्हा" अशी तडजोड समोर आली तर ती मोहक वाटते. पण अशा खात्यापुढे क्रेडिट रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' पडतं, आणि पुढची काही वर्षं कर्ज मागताना प्रत्येक जण तेच वाचतो. खरंच दुसरी वाट नसेल तरच घ्या, आणि बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि 'यानंतर काही बाकी नाही' हे लिहून आल्याशिवाय रुपयाही देऊ नका. दिलात तर कर्जाच्या खात्यातच, वसुलीवाल्याच्या हातात किंवा त्याच्या यूपीआयवर नाही. 'तुमचं सगळं कर्ज आम्ही मिटवून देतो' म्हणून आगाऊ फी मागणाऱ्यांना तर दारातूनच नमस्कार.

शेवटचा हप्ता गेला की तीन कामं राहतात. बँकेकडून नो-ड्यूज पत्र आणि, गाडी असेल तर, आरटीओसाठीची एनओसी घ्या. त्याशिवाय आरसीवरून, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरून, बँकेचं नाव निघत नाही. खात्यावरची आपोआप हप्ता कापायची परवानगी रद्द करा, कारण फिटलेल्या कर्जाचाही हप्ता कधी कधी पुन्हा कापला जातो. आणि महिनाभराने क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क, चौघांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात खातं अजून चालू दिसत असेल, तर नो-ड्यूज पत्राची प्रत जोडून तिथेच ऑनलाइन दुरुस्ती मागा.